पोळी अडकते, चिवडा जातो: स्लीव्हनंतरच्या रोजच्या जेवणाचं काय करायचं?

प्रश्न: स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन कमी करण्यासाठी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया) होऊन आठ आठवडे झाले. वय 41, पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. पोळीचे दोन घास गेले की छातीत अडकतं, तोंडाला पाणी सुटतं आणि फेसाळ उलटी होते. भाताचंही तेच. चिवडा, खारी, टोस्ट मात्र सहज जातात. दिवसाला 60 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, ते निम्मंही होत नाही. घरात पाच माणसांचा स्वयंपाक मीच करते. माझ्यासाठी वेगळं काय आणि किती करू? आणि संकष्टीचा उपवास आता सुरू केला तर चालेल का?

उत्तर: ताई, आधी उलटीचं बोलू, कारण बाकीचं सगळं दोन दिवस थांबू शकतं.

ठरावीक पदार्थानंतर, किंवा घाईत जेवल्यावर, आठवड्यात एखाद-दुसऱ्या वेळी अडकून बाहेर येत असेल तर तो खाण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे आणि तो सुटतो. पण रोज उलटी होत असेल, मऊ आणि पातळ पदार्थही परत येत असतील, पाणीसुद्धा राहत नसेल, तर आहार बदलून बघत बसू नका. त्याच दिवशी सर्जनना फोन करा. स्लीव्हच्या नळीला मध्ये एक वळण असतं. तिथे ती अरुंद झाली असेल तर दुर्बीण घालून कळतं आणि दुर्बिणीतूनच ती रुंद करता येते.

दुसरी भीती ‘बी 1’ म्हणजे थायमिनची. याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि सततच्या उलट्यांत तो झपाट्यानं संपतो. एकाच्या दोन वस्तू दिसणं, चालताना तोल जाणं, पायांना मुंग्या, बोलण्यात गोंधळ यांतलं काहीही जाणवलं तर थेट रुग्णालय गाठा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा की वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि उलट्या चालू आहेत. अशा रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन द्यावं लागतं. साध्या अशक्तपणाची केस समजून नुसतं ग्लुकोज चढवलं तर त्रास वाढतो.

आता पोळी. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्यासारखी नळी, तिच्यात 100 ते 150 मिली मावतं. जो भाग काढला तोच पोटाचा ताणला जाणारा भाग होता. म्हणून आता एक घास जास्त झाला की पोट सैल होत नाही, आतला दाब वाढतो आणि तो छातीत जाणवतो. गव्हाच्या कणकेत चिवटपणा असतो. पोळी कितीही चावली तरी लाळेत तिचा गोळाच होतो आणि तो अरुंद नळीत बसून राहतो. मऊसूत, तूप लावलेली घडीची पोळी यात सगळ्यांत वाईट. भाताची शितं एकमेकांना चिकटतात, शिवाय भात न चावता गिळायची आपल्याला लहानपणापासून सवय असते. मऊ पाव, इडली, पोहे, साबुदाण्याची खिचडी ही याच जातीची मंडळी. अडकलेल्या घासाभोवती लाळ आणि चिकट स्राव साचतो, तोच तो फेस.

चिवडा, खारी, टोस्ट का जातात? कुरकुरीत पदार्थाचा लाळेत लगेच चिखल होतो आणि तो सुळ्ळकन खाली उतरतो. पोट भरल्याची जाणीवही होत नाही, म्हणून तासाभरात पुन्हा हात डब्यात. मूठभर चिवडा आणि दोन खारी मिळून 300 कॅलऱ्यांच्या पुढे जातात आणि प्रोटीन मिळतं जेमतेम 6 ग्रॅम. वर्ष-दीड वर्षानं ज्यांचं वजन पुन्हा चढायला लागतं, त्यांच्या रोजच्या नोंदीत पोळ्या फारशा सापडत नाहीत, चहाबरोबरचं हे ‘थोडंसं’ सापडतं. जे त्रास न देता जातं ते पोटाला मानवतं, हा समज आत्ताच मोडा.

आपल्या ताटात पोळी किंवा भात हे जेवण आणि वरण, उसळ, दही ही त्याच्याबरोबरची मंडळी. पोट मोठं होतं तेव्हा हे खपून जात होतं, चार पोळ्यांबरोबर वाटीभर आमटी आपोआप जायची. आता 100 मिलीमध्ये जे आधी जाईल तेच राहणार. म्हणून वरण, पनीर, चक्का, सोया हे जेवण. ते संपल्यावर जागा उरली तर दोन चमचे मऊ भाजी. त्यानंतरही उरली तर भाकरीचा कुस्करा. आठव्या आठवड्यात बहुतेक वेळा तिसऱ्यापर्यंत पोचताच येत नाही आणि त्यात काही बिघडत नाही. पोळी बंद म्हणजे उपासमार, असं घरच्यांना वाटेल. त्यांना ग्रॅमचा हिशेब दाखवा.

तो हिशेब असा. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा ठेवा, अंदाजानं हे जमत नाही. आमटीची वाटी बहुतेक घरांत 150 मिलीच्या आसपास असते, ती तुमच्यासाठी मोठी आहे. पाणी भरून मोजून 100 मिलीची एक वाटी वेगळी करा आणि चहाचा चमचा वापरा.

100 ग्रॅम कोरड्या तूरडाळीत 22 ग्रॅम प्रोटीन असतं, मूगडाळीत 24, सोयाच्या वड्यांत किंवा चुऱ्यात 52, पनीरमध्ये 18 ते 20. गाईच्या 100 मिली दुधात 3.2. शेंगदाण्यात 25 असतं हे खरं, पण निम्मं वजन तेलाचं. दोन चमचे कुटात अडीच ग्रॅम प्रोटीनसाठी 55-60 कॅलऱ्या मोजाव्या लागतात, म्हणून कूट चवीपुरता. मेतकुटाचंही तसंच. दह्यात कालवून छान लागतं, पण 10 ग्रॅम मेतकुटात दोनच ग्रॅमच्या आसपास मिळतं. त्याच्या भरवशावर राहू नका.

पाच जणांसाठी कुकर लावताना वेगळं काही शिजवायची गरज नाही. डाळीत अडीचपट पाणी घाला. शिजली की घोटा आणि सगळ्यांच्या आमटीसाठी पाणी वाढवण्याआधी तुमची 75 ते 80 ग्रॅम घट्ट डाळ काढून घ्या. ती कोरड्या 25 ग्रॅमची झाली, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रोटीन. तीच पातळ आमटी होऊन वाटीत आली असती तर दोन-अडीच ग्रॅमवर पोट भरलं असतं. त्यात हिंग, हळद, मीठ, लिंबू, अर्धा चमचा तूप. फोडणीतली मोहरी, कढीपत्ता, मिरचीची सालं अजून महिनाभर बाजूला राहू द्या.

पनीर घरी करणार असाल तर एक गोष्ट सांभाळा. दूध फाटल्यावर फडक्यात बांधून तासन् तास वजनाखाली ठेवू नका. पाणी निथळलं की उघडा, ते भुरभुरीत राहिलं पाहिजे. तळलेलं किंवा रश्शात खूप वेळ उकळलेलं पनीर रबरासारखं होतं आणि पोळीइतकंच अडकतं. भुर्जी करताना शेवटी घाला, दोन मिनिटांत गॅस बंद. म्हशीच्या दुधाच्या पनीरमध्ये चरबी बरीच असते, त्यामुळे टोन्ड किंवा गाईच्या दुधाचं करा. कमी निघतं, पण हिशेबात बसतं.

सोयाचा चुरा कोमट पाण्यात नुसता बुडवून भागत नाही. गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवायचा, घट्ट पिळायचा, पुन्हा स्वच्छ पाण्यात घालून पिळायचा. उग्र वास त्यानंच जातो. मग मिक्सरला एकच फेरा आणि कांदा-टोमॅटोच्या मऊ शिजलेल्या मसाल्यात. मोठ्या वड्या या टप्प्यावर नकोत.

चक्का हा शाकाहारी माणसाचा सगळ्यांत मोठा आधार. पाव लिटर दुधाचं दही रात्री फडक्यात टांगलं की सकाळी 70-80 ग्रॅम चक्का आणि 7 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं. जिरेपूड-मीठ घालून किंवा किसलेली काकडी पिळून घालून खा. श्रीखंड करताना साखर घालण्याआधीचा वाटा तुमचा, नंतरचा घरच्यांचा.

या सगळ्याचा एक दिवस मांडला तर असा दिसेल:

सकाळी साडेसातला 150 मिली कोमट दुधात अर्धा स्कूप व्हे पावडर (दुधापासून काढलेल्या प्रोटीनची पावडर), 17 ग्रॅम प्रोटीन. दूध उकळतं असताना पावडर घातली तर गुठळ्या होतात, कोमट होऊ द्या.

साडेनऊला 30 ग्रॅम मूगडाळीचं एक धिरडं, आत 25 ग्रॅम पनीर कुस्करून, 12 ग्रॅम. झाकण ठेवून मंद आचेवर करा. कडा कुरकुरीत झाल्या तर पुन्हा तोच चिवड्याचा प्रकार होतो.

साडेबाराला 40 ग्रॅम पनीरची भुर्जी आणि 80 ग्रॅम घट्ट वरण, मिळून तेरा ग्रॅमच्या आसपास. दोन्ही एकावेळी मावलं नाही तर पनीर आधी, वरण दोन तासांनी. कोंबून बसवायचं नाही.

चारला चक्का, 7 ग्रॅम.

साडेसातला 15 ग्रॅम कोरड्या सोयाचुऱ्याची भाजी, दोन चमचे शिजवून घोटलेला दुधी किंवा लाल भोपळा, वर 50 ग्रॅम दही, साडेनऊ ग्रॅम.

झोपण्याआधी 150 मिली दूध, 5 ग्रॅम.

बेरीज 63 च्या आसपास येते. व्हे परवडत नसेल किंवा चव सहन होत नसेल तर त्याऐवजी 15 ग्रॅम स्किम्ड दूधपावडर घाला. 7 ग्रॅम कमी पडतील, ते दुपारच्या वरणाच्या जागी 25 ग्रॅम कोरड्या सोयाचुऱ्याची भाजी घेतली तर भरून निघतात. दुधानं पोटात गुडगुड, जुलाब होत असतील तर दुधातली साखर पचत नसावी. मग दूध कमी करून दही-चक्का वाढवा आणि व्हे ‘आयसोलेट’ प्रकारचं, म्हणजे दुधातली साखर जवळजवळ काढलेलं घ्या. हा पहिला आठवडा 63 वर पोचलाच पाहिजे असं नाही. 30 वरून 45, मग 55 असं चढलात तरी ठीक.

घरात कुणी मासे-अंडी खात असेल आणि त्यांच्यावरही हीच शस्त्रक्रिया झाली असेल तर त्यांचं काम सोपं. एका अंड्यात 6 ग्रॅम, पातळ रश्शातलं पापलेट किंवा ओले बोंबील इतके मऊ की चमच्यानं तुटतात. कोरडी पडलेली सुरमई आणि चिकनची छाती मात्र अडकते.

खाण्याची पद्धत. घास वाटाण्याएवढा, चमचा खाली ठेवून चावायचा, तोंडात त्याची पेज झाली की गिळायचा आणि पुढचा घास मिनिटभरानं. वीस ते तीस मिनिटं झाली की वाटीत कितीही उरलं तरी उठायचं, कारण त्यापुढे चरणं सुरू होतं. स्लीव्हनंतर ‘पोट भरलं’ हा संदेश पोटातून स्पष्ट येतोच असं नाही. अनेकांना अचानक नाक गळायला लागतं, उचकी लागते, शिंक येते किंवा छातीच्या मध्यभागी दाटल्यासारखं होतं. ती खूण ओळखली की पुढचा घास नाही, भुर्जीचा एक चमचा उरला असला तरी. त्या एका चमच्यानंच उलटी होते. सगळ्यांना वाढून झाल्यावर उभ्यानं, गार झालेलं, घाईत उरकायचं ही आपल्याकडच्या गृहिणीची पद्धत आता बंद. तुम्ही पहिल्या पंगतीला बसा. गार होऊन सुकलेलं अन्न जास्त अडकतं, हे कारण सासूबाईंनाही पटेल.

पाणी जेवणाबरोबर नाही. जेवणाआधी पंधरा मिनिटं थांबवा आणि नंतर अर्धा तास घेऊ नका. एक तर जागा नाही, दुसरं म्हणजे पाण्यानं अन्न पातळ होऊन लवकर पुढे ढकललं जातं आणि भूकही लवकर लागते. अडकलं की पाण्यानं खाली ढकलावं असं वाटतं, पण वाट बंद असते म्हणून पाणी वर साचतं आणि दोन्ही बाहेर येतं. उभं राहा, थोडं चाला, वाट बघा. दिवसभरात दीड लिटर तरी गेलं पाहिजे आणि ते एकदम पिता येणार नाही. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या भरून ठेवा: पहिली अकरापर्यंत, दुसरी चारपर्यंत, तिसरी नऊपर्यंत संपवायची. पातळ ताक, दूध, साखरेशिवायची लिंबू-मीठ-पाण्याची बाटली यात धरा. सोडा आणि कोल्ड्रिंक नको. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. थकवा, डोकेदुखी, बद्धकोष्ठता यांचं मूळ या दिवसांत बऱ्याचदा तिथेच असतं.

चहा दोन कपांवर आणा, बिनसाखरेचा. गूळ घातला म्हणजे साखर टळली असं होत नाही. गोड एकदम जास्त गेलं तर अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. गॅस्ट्रिक बायपास ही वजनाची दुसरी शस्त्रक्रिया झालेल्यांना ते जास्त होतं, स्लीव्हमध्येही होतं. खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी हातपाय कापणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं हा त्याचाच उशिरा येणारा प्रकार, त्यात रक्तातली साखर खाली जाते. असं वारंवार झालं तर डॉक्टरांना सांगा. पेढा खाऊन ते दाबत राहू नका, त्यानं पुढचा झटका तयार होतो.

पोळी, भात कधी? तीन महिने होऊ द्या. त्याआधी ज्वारीची भाकरी, पाव भाकरीएवढी, वरणात पूर्ण कुस्करून, प्रोटीन संपल्यावर. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, ती विरघळते. नंतर पोळीऐवजी पातळ, चांगला भाजलेला फुलका आधी करून बघा. एक चतकोर, भुर्जीबरोबर, पुढचे दोन दिवस नाही. भाताचा पहिला प्रयोग मूगडाळीच्या आसट खिचडीनं करा, डाळ दोन वाटे आणि तांदूळ एक. मटकी-चवळीच्या उसळी तीन महिन्यांनंतर. तोवर मटकी शिजवून चाळणीतून काढली तर चालते, सालं तेवढी राहतात. नवा पदार्थ एका वेळी एकच, दुपारच्या जेवणात आणि घरी असताना. अडकला तर दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचा. कायमचा रद्द करायचा नाही.

गोळ्यांत सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. पाळी चालू असलेल्या बाईला स्लीव्हनंतर रोज 45 ते 60 मिग्रॅ लोह लागतं, मल्टिव्हिटॅमिनमधलं धरून. कॅल्शियम दिवसाला 1200 ते 1500 मिग्रॅ, आहार धरून, पण गोळीतून एका वेळी 500-600 च्या वर नाही, कारण त्याहून जास्त शोषलं जात नाही. कॅल्शियम सायट्रेट या प्रकारची गोळी घ्या, तिला पोटातलं आम्ल लागत नाही आणि तुमच्याकडे आम्ल आता कमी आहे. पाकिटावर ‘कॅल्शियम सायट्रेट 1000 मिग्रॅ’ लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 210 मिग्रॅच असतं. ‘एलिमेंटल’ आकडा शोधून तोच मोजा. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर हवं आणि लोहाच्या आगेमागे तासभर चहा-दूध नको. वरच्या दिवसात लोह साडेदहा-अकराला लिंबूपाण्याबरोबर बसतं, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री. बी 12 शाकाहारी माणसाला बऱ्याचदा आधीच कमी असतं. आता रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम तोंडानं किंवा महिन्याला इंजेक्शन, तेही कायमचं. ‘ड’ जीवनसत्त्व रोजचं की 60,000 युनिटचं आठवड्याचं, हे रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर जुना डोस आता जास्त होऊ शकतो, तो तपासून घ्या. कंबर-डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनानं घेऊ नका, पोटात व्रण होतात.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास बऱ्याच जणींचे केस गळायला लागतात, सहाव्यापर्यंत गळतात. झपाट्यानं वजन उतरण्याचा तो परिणाम आहे, मुळं शाबूत असतात आणि केस परत येतात. पण प्रोटीन आणि लोह कमी राहिलं तर गळणं लांबतं. बायोटिनच्या महागड्या डब्या घेण्यापेक्षा फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तपासा.

आता संकष्टी. आठव्या आठवड्यात नको. दिवसभर न खाता चंद्रोदयाला एकदम जेवायचं, हे या पोटाला शक्यच नाही. सहा महिन्यांनी वजन, रक्त आणि पाणी पिणं नीट असेल तर उपवासाच्या नियमातच दर अडीच-तीन तासांनी खात करता येईल: दूध, चक्का, तुमच्याकडे चालत असेल तर पनीर, राजगिऱ्याची दुधातली पातळ खीर बिनसाखरेची, दोन चमचे वरी आणि वर दाण्याची आमटी. साबुदाणा आणि बटाट्याचा कीस वगळा. तो निव्वळ पिठाचा मारा आहे आणि साबुदाणा अडकतोही. निर्जळा उपवास कधीच नाही, आणि उपवास आहे म्हणून गोळ्याही चुकवायच्या नाहीत.

तीन महिन्यांच्या तपासणीला जाताना सलग तीन दिवसांची वही न्या, त्यातला एक रविवार असू द्या. काय खाल्लं, किती ग्रॅम, किती मिनिटांत, काय अडकलं, किती बाटल्या पाणी. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी 12, ‘ड’, कॅल्शियम, अल्ब्युमिन यांचे रिपोर्ट त्याला जोडा. फेसाळ उलटी रोज होत असेल तर मात्र या तपासणीची वाट न बघता, वर सांगितल्याप्रमाणे त्याच दिवशी सर्जनना फोन करा.